लग्न करून द्या

पुतळाबाई भोईरांना राग फार लवकर येत असे, आणि भिवंडीत राहणाऱ्या माणसाला रागासाठी कारणं शोधत हिंडावं लागत नाही. चौऱ्याहत्तर साल चाललं होतं. शेजारचे माग दिवसभर खडखडत. ते एकदम गप्प झाले की वीज गेली असं समजायचं. रेशनवर गव्हाऐवजी मिलो नावाची परदेशी ज्वारी मिळे, तांबडी आणि किडकी. रॉकेलच्या रांगेत बाया एकमेकींच्या झिंज्या उपटत. आणि अशा गावात पुतळाबाईंनी मानसशास्त्रात एम.ए. केलं होतं. नुसतं केलं असतं तर चाललं असतं, पण ते वापरायचाही हट्ट धरला होता. तेव्हा त्यांच्या रागाकडे जरा समजुतीनं पाहायला हवं.

माहेर त्यांचं जवळच्याच वळ गावचं. वडील दाजी गवताचे व्यापारी, मुंबईच्या तबेल्यांना गवत पुरवणारे. पोरगी हुशार निघाली, तर शिकू दे म्हणून त्यांनी तिला पुण्याला वसतिगृहात ठेवलं आणि पंचक्रोशीतली बोलणी आयुष्यभर खाल्ली. पुढे भिवंडीच्या केसरीनाथ भोईरांशी लग्न झालं. केसरीनाथ मागवाले, स्वभावाने गरीब, तोंडात सदा पान. बायको शिकलेली आहे याचा त्यांना अभिमान होता, पण ती नेमकं काय शिकली आहे हे त्यांना कुणी विचारलं की ते पान थुंकायला बाहेर जात. गावाने तो प्रश्न आपल्या परीने सोडवला होता. गाव बाईंना ‘डोक्याची डॉक्टरीण’ म्हणे. मी डॉक्टर नाही, मी औषध देत नाही, हे सांगून सांगून बाईंचा घसा बसला होता.

सकाळी त्या शाळेत मुलींना मार्गदर्शन करत, दुपारनंतर घरातल्या मागच्या खोलीत माणसांना भेटत. मतं पक्की होती आणि ती त्या लपवत नसत. निवडणुकीत शिक्का पणती चिन्हाच्या पक्षावर. सरकारनं माणसाच्या घरात, शेतात आणि मागात नाक खुपसू नये. परवाने आणि कोटे बंद करा, महागाई आपोआप उतरेल. एकत्र कुटुंबासारखं दुसरं इस्पितळ नाही. घटस्फोट सोपा करा म्हणणाऱ्यांनी आधी एखाद्या टाकलेल्या बाईचं पोर सांभाळून दाखवावं. मुलं लहान असताना आई घरात हवी. आणि लग्न आईबापांनीच ठरवावं, कारण विशीतल्या माणसाला स्वतःबद्दल काय कळतं हे बाईंनी पुस्तकात वाचलं होतं आणि रोज समोर पाहतही होत्या.

या मतांपायी दोन्हीकडून ऐकून घ्यावं लागे. कॉलेजातली एक मैत्रीण मुंबईहून आली होती, महागाईविरुद्ध लाटणं घेऊन मोर्चात चालून आलेली. “पुतळा, तू मानसशास्त्र शिकलीस आणि इतकी मागासलेली कशी गं राहिलीस?” बाई म्हणाल्या, “मी आहे तिथेच आहे. तुम्ही लाटणी घेऊन पुढे गेलात, डाळ स्वस्त झाली का तेवढं सांग.” मैत्रीण रागावून गेली ती पुन्हा आली नाही. बरं, आपल्या पक्षाचे लोक तरी? भाऊ म्हणून गावातले कार्यकर्ते होते, ते बाईंना दर दोन महिन्यांनी महिलांच्या सभेत बोलायला नेत. विषय ठरलेला: आई आणि घर. आणि ओळख करून देताना दर वेळी म्हणत, “ताईंनी इतकं शिकूनसुद्धा संस्कार सोडले नाहीत.” ते ‘शिकूनसुद्धा’ बाईंना घरी येईपर्यंत बोचत राही. घरी आल्यावर सासूबाई, बायजाबाई, उंबऱ्यातच बसलेल्या असत.

“काय सांगलास आज?”

“आई घरात असावी, हे सांगितलं.”

“आई घरान पायजे ह्या सांगाला तू घराच्या भायेर गेलीस. मंग घरान कोन व्हता?”

यावर उत्तर होतं, लांबलचक होतं, पण ते ऐकून घेण्याएवढा वेळ बायजाबाईंपाशी नव्हता. पुतळाबाई चरफडत स्वयंपाकघरात जात आणि मिलोच्या भाकऱ्या थापायला लागत. त्या भाकऱ्याही हातात तुटत.

पण बाईंच्या डोक्याला खरा ताप होता तो मागीलदाराचा.

पुढच्या दाराला केसरीनाथांनी हौसेनं पाटी लावली होती, पांढऱ्यावर निळी अक्षरं. त्या दाराने कुणी येत नसे. माणसं यायची ती गोठ्याला वळसा घालून, शेणाची पाटी चुकवत, मागून. आणि ज्याला दुखणं आहे तो तर मागूनसुद्धा येत नसे. यायची त्याची आई, नाहीतर काकू, नाहीतर मावशी. खुद्द माणूस डोक्याच्या डॉक्टरणीकडे जाताना कुणाच्या नजरेस पडला, तर घरातल्या सगळ्या पोरांची लग्नं अडायची. म्हणून आजारी माणूस घरी ठेवायचा आणि त्याचं दुखणं तेवढं पदराखाली झाकून आणायचं. नावगावही खोटं सांगायचं.

सुरुवातीला बाई भांडल्या. “मी ज्याला बघितलंच नाही, त्याच्याबद्दल तुम्हाला काय सांगू? त्याला घेऊन या.” आलेल्या बाया त्यांच्याकडे कीव आल्यासारख्या बघत. गावातला भगत तांदळाचे चार दाणे बघून घरबसल्या सगळं सांगतो, आणि ही एवढी शिकलेली, हिला माणूस बघावा लागतो! मग एखादी विचारी, सुई कधी देणार? गोळी? नुसतं बोलणंच का? तोंड वाकडं करून निघून जात. हळूहळू बाईंनीच हात टेकले. न पाहिलेल्या माणसांना त्या सल्ले देऊ लागल्या. सत्तरच्या दंगलीनंतर त्या दाराने नऊवारीतल्याही आल्या आणि बुरख्यातल्याही. झोप दोघींचीही उडालेली. बाईंनी कुणाला परत पाठवलं नाही, आणि भाऊंना ते सांगायला गेल्या नाहीत. खोलीतलं बोलणं खोलीबाहेर न्यायचं नाही हा एक नियम त्यांनी जिवापाड पाळला. बायजाबाई दाराला कान लावतात म्हणून मधल्या दारावर जाड गोधडी टांगली होती. केसरीनाथांना तर आत कोण येऊन गेलं हेसुद्धा ठाऊक नसे. गाव या बाईला हसायचं, पण तिच्या पोटात गेलेलं बाहेर येत नाही हे गावाला माहीत होतं, आणि मागीलदार चालत होतं ते तेवढ्यावर.

तरण्या मुलांबद्दल कुणी आलं की बाईंचा सल्ला बहुधा एकच असे: लग्न करून द्या. टाळाटाळ म्हणून नव्हे, त्यांचा त्यावर विश्वासच होता. जबाबदारी आली की माणूस ताळ्यावर येतो, शेजारी कुणी हक्काचं असलं की रात्रीची भुतं पळतात. एकदोन घरी ते लागूही पडलं होतं, आणि त्या घरच्या बाया सोडे-सुकट घेऊन सांगायला आल्या होत्या. लागू पडत नाही ते सांगायला कोण येतो?

आदल्या दिवाळीनंतर एक बाई अशीच मागून आली. अंगावर सोनं होतं, लुगडं भारी होतं, पायाला मात्र वाटेतला चिखल. नाव म्हणाली रंगूबाई, गाव म्हणाली खाडीपलीकडचं. मुलगा रात्र रात्र जागा असतो. भिंतीशी बोलतो. आवाज येतात म्हणतो. एकदा खाडीत कमरेएवढ्या चिखलात जाऊन उभा राहिला, भरती चढायला लागली तरी हलेना, गड्यांनी ओढून काढला. एकदा बहिणीचा हात पिरगाळला, तो मोडला. मग स्वतःच रडत बसला.

“त्याला आणा माझ्याकडे,” बाई म्हणाल्या. “नाहीतर सरळ ठाण्याला मेंटल हॉस्पिटलात डॉक्टरांना दाखवा.”

“ठान्याला?” रंगूबाईने तोंडावर पदर धरला. “ठान्याला नेला तं सगल्या गावान बोभाटा व्हईल. आनि तुमच्याकं त्यो कसा यल? त्याला सांगला तं मनाच मारील.”

बाहेर भाऊ सभेला न्यायला येऊन उभे होते. चुलीवर वरण करपत होतं, त्याचा वास गोधडीतूनसुद्धा आत येत होता. पुतळाबाईंनी विचारलं, “वय काय? लग्न झालंय?”

“चोईस. लगीन न्हाय जाला.”

“मग लग्न करून द्या. शांत, समजूतदार मुलगी बघा. घर शिकलेलं असलं तर फार बरं, म्हणजे ते समजून घेतील.”

रंगूबाईच्या चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की बाईंनाही बरं वाटलं. ती पाया पडून गेली. बाई सभेला गेल्या आणि आई व घर या विषयावर बोलल्या.

माघात भाऊंनी काशीसाठी स्थळ आणलं. काशी पुतळाबाईंची थोरली, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला. तिच्यासाठी मुलं पाहणं सुरू होतंच. दापोड्याचे सावळाराम, भरपूर जमीन, दोन ट्रक, मुलगा दौलत मॅट्रिक झालेला, दिसायला राजबिंडा. “घर आपलं आहे,” भाऊ म्हणाले. म्हणजे घरातले सगळे शिक्के पणतीवर. पुतळाबाई खूश झाल्या. शिक्षण कमी होतं खरं, पण मुलीला एवढं मोठं, भरलेलं घर मिळत होतं. त्यांनी स्वतः पोह्यांची तयारी केली.

पाहुणे पुढच्या दाराने आले. पुतळाबाई पदर सारखा करून बाहेर आल्या आणि मुलाच्या आईकडे बघून जागच्या जागी थांबल्या. तेच सोनं, तोच चेहरा. ‘रंगूबाई’ असं ओठांवर आलं होतं, ते त्यांनी गिळलं.

“ही आमची मंडली, धोंडूबाई,” सावळाराम म्हणाले.

धोंडूबाईने नवीन माणसाला करावा तसा नमस्कार केला. “बरा हाय ना ताई?”

पुढचा अर्धा तास कसा गेला ते बाईंना कळलं नाही. दौलत खाली मान घालून बसला होता. सभ्य, मृदू. काशीला त्याने विचारलं, तुम्ही काय वाचता, आणि ती सांगत होती ते खरंच ऐकलं. मध्येच वीज गेली आणि शेजारचे माग एकदम थांबले. सगळे सवयीने हसले. दौलत हसला नाही. त्याने खुर्चीचा हात घट्ट धरला आणि त्या शांततेत काहीतरी ऐकू येत असावं तसा कान टवकारून बसला. माग पुन्हा सुरू झाल्यावरच त्याची बोटं सुटली. हे फक्त दोघींनी पाहिलं, पुतळाबाईंनी आणि धोंडूबाईने. आपण त्या मुलाला पहिल्यांदाच पाहतो आहोत, हे बाईंच्या तेव्हा लक्षात आलं आणि त्यांना स्वतःचा संताप आला.

पाहुणे गेले. घर आनंदात होतं.

“मना पसंत हाय,” केसरीनाथ म्हणाले.

“पोरगा देवासारका हाय,” बायजाबाई म्हणाल्या.

काशीने पोह्यांच्या बश्या स्वतःहून विसळायला घेतल्या, यावरून काय ते समजलं.

“हे स्थळ नको,” पुतळाबाई म्हणाल्या.

का नको? नको. अगं पण कारण? कारण काही नाही, नको म्हणजे नको. केसरीनाथांनी जन्मात पहिल्यांदा आवाज चढवला. “तुला काय पायजे? घर हाय, जमीन हाय, मानसा चांगली हायत. तूच बोलतेस ना, घर बगावा?” भाऊ दोन वेळा येऊन गेले. “ताई, तुम्हीच असं करायला लागलात तर आम्ही समाजाला काय सांगायचं?” बायजाबाईंना तर कारण ठाऊकच होतं: शिकलेल्या बाईला जावईसुद्धा पुस्तकातला लागतो.

काशी सगळ्यांत वाईट बोलली, कारण ती शांतपणे बोलली. “आई, तू एवढी वर्षं सांगतेस, लग्न आईबापांनी ठरवावं. मी कॉलेजात कुणाकडे मान वर करून बघितलं नाही. आता बाबांनी ठरवलंय, आजीला पसंत आहे, मलाही आवडलाय. आणि तू नाही म्हणतेस, तेही का ते न सांगता. मग ते सगळं नुसतं भाषण होतं का?”

सांगायचं म्हणजे खोलीतलं बाहेर काढायचं. आज एका आईचं सांगितलं, उद्या मागीलदाराने कुणीच येणार नाही, आणि येऊ नये हेच बरोबर. न सांगायचं म्हणजे काशीला त्या घरात पाठवायचं. रात्री अंथरुणात पडल्या की दोन्ही बाजू डोक्यात भांडत, सकाळी उठल्या की घरातले भांडत. कुणाशी बोलायची सोय नाही. सगळ्या गावाचं ऐकून घेणाऱ्या बाईला स्वतःचं सांगायला माणूस नव्हतं.

एके दिवशी दुपारी धोंडूबाई आली. मागून, गोठ्याला वळसा घालून. पुतळाबाईंनी गोधडी नीट सारली आणि तिच्यावर तुटून पडल्या.

“शरम नाही वाटली? मला सगळं सांगून गेलात आणि माझ्याच दारात मुलगी मागायला आलात! मी बोलू शकत नाही म्हणून?”

धोंडूबाई घाबरली नाही. उलट तिलाच आश्चर्य वाटलेलं दिसलं. “ताई, मी कुटं फसवाला आले? तुमीच बोल्ल्या, लगीन करून द्या. तुमीच बोल्ल्या, घर शिकलेला बगा. मी लई इचार केला. तुमच्यापरास शिकलेला घर कंचा हाय भिवंडीन? तुमाला सगला ठावका हाय. उद्या त्याला काय जाला तं तुमी संबालाल. म्हनून तं मी भाऊंना तुमच्याकं धाडला.”

धोंडूबाईने सल्ला तंतोतंत पाळला होता.

“तुम्ही हे काशीच्या वडलांना सांगा,” शेवटी त्या म्हणाल्या. “तुमच्या तोंडाने. मग ते ठरवतील.”

“त्ये मी न्हाय सांगायची.”

“मग हे लग्न होणार नाही. माझी मुलगी मी अशी देणार नाही.”

धोंडूबाई उठली. दाराशी जाऊन वळली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता प्रश्न होता. “मंग ताई, तवा तुमी मना बोल्ल्या लगीन करून द्या, तवा तुमाला काय वाटला? त्या पोरीला आयस नसल का?”

ती गेली. बाई खोलीत बसून राहिल्या. चीड आली होती, पण ती कुणावर काढायची हे समजत नव्हतं. बायजाबाईंनी बाहेरून दोनदा हाक मारली, तेव्हा त्या नको एवढ्या मोठ्याने ओरडल्या.

त्या संध्याकाळी त्यांनी नियम मोडला. केसरीनाथांना सगळं सांगितलं, अगदी स्वतःच्या सल्ल्यासकट, आणि शपथ घातली की हे कुणाला सांगायचं नाही, पत्रिका जुळत नाही एवढंच कळवायचं. केसरीनाथांनी शपथ घेतली आणि अगदी मनापासून घेतली. पण दुसऱ्या दिवशी भाऊंनी पानाच्या ठेल्यावर गाठून ‘तुमच्या बायकोला शिंगं फुटली’ असं म्हटल्यावर त्यांना राहवलं नाही. बायकोची बाजू घेण्यासाठीच सगळं बोलून गेले बिचारे. ठेल्यावर उभी असलेली माणसं ऐकत होती.

काशीला बापानेच समजावलं. ती आईजवळ येऊन बसली, पण जवळ आली असं काही वाटलं नाही. मागीलदाराने मात्र कुणी येईनासं झालं. पहिल्या आठवड्यात बाईंना वाटलं, लगीनसराई आहे. मग शाळेच्या वाटेवर एक ओळखीची बाई त्यांना पाहून दुसऱ्या गल्लीत वळली, तेव्हा काय ते कळलं. एवढ्या वर्षांत जमवलेलं पानाच्या एका पिचकारीबरोबर गेलं. नवऱ्यावर चिडावं तर तो आधीच तोंड पाडून बसलेला. त्याने पान सोडलं होतं.

चैत्रात बायजाबाई बातमी घेऊन आल्या. दौलतचं लग्न ठरलं. मुलगी अंबाडीच्या बाजूची, कुणब्याची, गुणा नावाची. आई लहानपणीच गेली, चुलत्याकडे वाढली. दापोडेकरांनी जातपात, हुंडा, मानपान काही पाहिलं नाही म्हणून गाव, पोराचं सगळं कानावर असूनही, सावळारामांची वाहवा करत होतं. भाऊ तर त्यांचा सत्कार करायच्या बेतात होते.

जेवताना काशीने विचारलं, “आई, तिला कुणी सांगितलंय?”

“मला काय माहीत!” पुतळाबाई खेकसल्या.

“बाबांना सांगितलंस ना तू. त्यांच्याकडून मला कळलं. नियम तर मोडलाच आहे.”

बाईंनी मोडलेली भाकरी ताटात परत ठेवली. मुलगी चुकीचं बोलत असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळेला दांडी मारून त्या वाडा गावाकडे जाणाऱ्या एस.टी.त बसल्या. अंबाडीला उतरल्या, विचारत विचारत पाड्यावर गेल्या. मुलीचा चुलता राघो अंगणात दावं वळत बसला होता. बाईंनी नाव सांगितलं तसा तो धडपडत उठला, घोंगडी अंथरली, आत चहा टाकायला सांगितला. एवढा मान भिवंडीत बाईंना कुणी कधी दिला नव्हता. त्यांना उगाच धीर आला.

“राघोभाऊ, मुलाबद्दल तुम्हाला एक सांगायचं आहे. त्यांनी तुमच्यापासून लपवलं असेल. मुलाला आजार आहे.”

“ठावं हाय,” राघो म्हणाला.

“काय ठाऊक आहे?”

“त्याच्या डोक्याचा. रातचा झोपत न्हाय, खाडीत जाऊन हुबा ऱ्हायला व्हता, भयनीचा हात मोडला. धोंडूबाईनं समदं सांगलं आमाला. म्हनली, एका घरी न्हाय सांगलं तं लगीन मोडलं, आता लपवनार न्हाय. लई सरळ बाई हाय.”

“आणि तरी तुम्ही मुलगी देता?”

“आमी बी घाबरलो व्हतो पयल्यांदा. मंग ती म्हनली, भिवंडीच्या डोक्याच्या डॉक्टरनीनं सांगलंय, लगीन करून द्या, बरा व्हईल.” राघोने आदराने हात जोडले. “तुमीच ना त्या?”

“मीच. पण मी चुकले, राघोभाऊ. मी त्या मुलाला बघितलंही नव्हतं. मी नुसतं ऐकून सांगितलं. लग्नाने असला आजार बरा होत नाही. त्याला आधी ठाण्याला डॉक्टरांना दाखवायला सांगा, औषध चालू होऊ दे, तो सावरला की मग लग्नाचं बघा. नाहीतर तुमच्या पोरीचे हाल होतील.”

राघोने दावं पुन्हा हातात घेतलं. त्याचा चेहरा हळूहळू बंद झाला. “तुमच्या पोरीला ह्योच पोरगा सांगून आलता न्हवं? आमच्या कानावं हाय.”

“हो.”

“तवा तुमाला नको झाला, तं आता डागदरी बदलली. बाई, तुमच्या पोरीला शंभर यतील. हिला कोन यल? आमची हुंडा द्यायची ताकद न्हाय. पोरगी भरल्या घरात पडतीय तं पडू द्या.”

बाईंनी पुन्हा सांगितलं. समजावलं, आवाज चढवला, शेवटी हात जोडले. शाळेत, सभेत, मागच्या खोलीत जेवढं म्हणून बोलणं त्यांना येत होतं ते सगळं त्यांनी त्या अंगणात खर्ची घातलं. राघो दावं वळत राहिला. मध्ये एकदा म्हणाला, “चा घ्या,” तेवढंच. बाईंना त्याचा राग आला, धोंडूबाईचा आला, भाऊंचा आला, आणि सगळे राग येऊन गेल्यावर जी उरली ती त्या स्वतःच होत्या.

चहा घेऊन आली ती गुणाच होती. सतरा-अठरा वर्षांची असेल. अंगावर नवीन पातळ, सासरहून आलेलं, अजून कडक. चहा देऊन ती बाईंच्या पाया पडली आणि तिथेच दाराला टेकून उभी राहिली.

“गुणा, तू ऐकलंस ना मी काय म्हणाले ते?”

“आयकलं,” गुणा म्हणाली. ती हसत होती, लाजून. “पन बाई, त्यो आला व्हता आमच्याकं. लई चांगला बोल्ला माज्याशी. मना पयलं भ्याव वाटलं व्हतं. मंग समजलं का तुमी सांगलंय, तवापासून न्हाय वाटत.”

“अगं, मी सांगितलं ते चुकीचं होतं. लग्नाआधी त्याला डॉक्टरांकडे न्या म्हणावं. तू तरी सांग काकाला.”

“मी कशी सांगू?” गुणा म्हणाली. “तुमी सांगा ना. तुमचं समदी आयकतात.”

हे मात्र खरं होतं. पुतळाबाई एवढी वर्षं बोलत होत्या, आणि त्या सगळ्यातलं लोकांनी ऐकलं होतं ते एवढंच: लग्न करून द्या. वैशाखात ठरल्या दिवशी लग्न झालं.